‘हाय’ का ‘आसंल’?

बार्शीच्या आमच्या शाळेतल्या वर्गमित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. पहिलीपासून हिंदी शिकवायचा वाद पेटला, 29 जून 2025 ला सरकारने ते निर्णय मागे घेतले, आणि तेव्हापासून तिथे भाषेवरून रोज काही ना काही चालू असतं. मध्यंतरी एका मित्राने लिहिलं, ‘अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे. पण इंग्रजीत सपोज, अझ्यूम, प्रिझ्यूम, गेस, रेकन, सस्पेक्ट असे सहा शब्द, प्रत्येकाची छटा वेगळी. आपल्याकडे काय, तर गृहीत धरणे. अशा भाषेत पोरांना विज्ञान आणि कायदा कसा शिकवणार?’ बऱ्याच जणांनी होकार भरला. मी त्या दिवशी गप्प बसले. आज लिहिते.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि अकरा वर्षं दुभाषाचं काम करते. रुग्णालयात डॉक्टर बोलतात ते मराठीत किंवा हिंदीत सांगायचं आणि पेशंट बोलतात ते इंग्रजीत. ते सहा शब्द म्हणजे माझं पोटपाणी आहे. त्यांतला एक जरी चुकीचा उतरला, तर माणूस घरी जाऊन भलतंच करून बसतो.

एकदा कराडकडच्या एका आजींसोबत होते. (ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) मुलाकडे राहायला आलेल्या, दोन महिने खोकला जात नव्हता. स्कॅनमध्ये छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, ‘आय सस्पेक्ट टीबी, पण आपण तसं अझ्यूम करायचं नाही. तुकडा काढून तपासू.’ इथे ‘सस्पेक्ट’चं ‘संशय’ केलं, तर मराठीत ते फार जड होतं, पोलिस दारात आल्यासारखं. मी म्हटलं, ‘आजी, डॉक्टरांना वाटतंय की टीबी असावा. पण तो धरून चालायचं नाही, आधी तपासायचं.’

आजींनी पदर सावरला आणि मला विचारलं, ‘पोरी, म्हंजे हाय का आसंल?’

मी म्हटलं, ‘असेल.’

‘मग आजून बगायचंय,’ असं म्हणून त्या स्वस्थ बसल्या.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने डॉक्टरांचं अख्खं वाक्य दोन शब्दांत तोलून घेतलं होतं. मी बाहेर आले तेव्हा मुलगा व्हरांड्यात गावी फोन करत होता. शिकलेला माणूस, इथे चांगल्या नोकरीत. तो सांगत होता, ‘आईला टीबी झालाय.’ आतलं ‘असावं’ दारातून बाहेर येईपर्यंत गळून पडलं होतं.

तुकड्याच्या तपासणीत सार्कॉइडोसिस नावाचा वेगळाच आजार निघाला. स्कॅनमध्ये तो कधी कधी टीबीसारखाच दिसतो, पण एकाचा दुसऱ्याला संसर्ग होत नाही. पुढच्या भेटीत आजींनी सांगितलं, गावी सुनेने त्यांची ताट-वाटी आधीच वेगळी काढून ठेवली होती.

म्हणून मला माझ्या मित्राचं म्हणणं पटत नाही. मराठीत अनिश्चितता क्रियापदातच विणलेली आहे, तिच्यासाठी वेगळा शब्द शोधायला लागत नाही. गाडी गेली का, असं विचारलं तर आपण म्हणतो: गेली असेल. गेली असावी. गेली असणार. गेलेली दिसते. गेली वाटतं. गेली म्हणे. गेली की काय! ‘असेल’मध्ये नुसती शक्यता आहे, ‘असावी’ म्हणताना हाताशी काहीतरी खूण आहे, ‘असणार’ म्हणणारा जवळजवळ पैज लावायला तयार आहे, ‘दिसते’मध्ये डोळ्यांची साक्ष आहे आणि ‘म्हणे’मध्ये दुसऱ्याची. ‘की काय’मध्ये काळजी आहे. इंग्रजीत हे सगळं नेमकं सांगायला मला पुष्कळदा पुरवणी वाक्य जोडावं लागतं, आणि ‘म्हणे’ तर तिथे अजून कधी एका शब्दात बसवता आलेलं नाही.

नामंही काही कमी नाहीत. अंदाज, अदमास, कयास, तर्क, अटकळ, आडाखा, होरा. इंग्रजीतल्या ‘रेकन’च्या मुळाशी मोजदाद आहे, आणि आपण म्हणतोच की ‘माझ्या हिशेबाने’. ‘अझ्यूम’च्या लॅटिन मुळाचा अर्थ घेणे. आपल्या ‘गृहीत’चाही तोच, घेतलेलं. ‘प्रिझ्यूम’ म्हणजे आधीच घेणे, पण त्याला आधार लागतो, आणि उलट पुरावा आला की सोडून द्यावं लागतं. आपल्याकडच्या 1872 च्या पुरावा कायद्यात यावर एक उदाहरण होतं: चोरीनंतर लगेच कुणाजवळ तो माल सापडला आणि त्याला तो कुठून आला हे सांगता आलं नाही, तर तो चोर आहे किंवा चोरीचा आहे हे माहीत असूनच त्याने माल घेतला, असं न्यायालय धरू शकतं. ‘धरतंच’ नव्हे, ‘धरू शकतं’. हा फरक मराठीत सांगायला काय अडचण आहे?

मग इंग्रजांचं काय बरं आहे? सवय. आणि तीही जन्मजात नाही, चटके खाऊन लागलेली आहे. 24 सप्टेंबर 2002 ला इथल्या सरकारने इराकच्या शस्त्रांवर एक अहवाल काढला. सद्दाम रासायनिक आणि जैविक शस्त्रं बनवतोच आहे हे ‘निःसंशय’ सिद्ध झाल्याचं आपण मानतो, असं पंतप्रधान ब्लेअर यांनी प्रस्तावनेत लिहिलं. पुढच्या मार्चमध्ये युद्ध झालं आणि शस्त्रं सापडली नाहीत. जुलै 2004 मध्ये याची चौकशी करणाऱ्या बटलर समितीने दाखवून दिलं की माहिती किती तोकडी आहे याचे गुप्तचरांनी घातलेले इशारे जनतेसमोर येताना गळाले होते. आज इथले गुप्तचर विश्लेषक एक मोजपट्टी वापरतात. तिच्यात ‘लाइकली’ लिहिलं की अर्थ 55 ते 75 टक्के. इतकी किंमत मोजल्यावर त्यांनी शब्दाला आकडा बांधला.

वृत्तपत्रांनाही असाच चटका बसला. 2010 च्या डिसेंबरात ब्रिस्टलला एका तरुणीचा खून झाला, आणि तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, पकडलं. वृत्तपत्रांनी त्याला पार सोलून काढलं. तो निर्दोष होता. जुलै 2011 मध्ये आठ वृत्तपत्रांनी त्याला भरपाई दिली, शिवाय न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोघांना दंड झाला, एकाला 50,000 पौंड आणि दुसऱ्याला 18,000.

हे वाचताना मला 2020 चा मुंबईचा पावसाळा आठवतो. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मैत्रिणीला वाहिन्यांनी रोज रात्री खुनी ठरवलं. इथे बसून मी ते पाहत होते, आईला फोनवर सांगत होते की अजून काही सिद्ध नाही, आणि आई म्हणायची, ‘अगं, टीव्हीवर दाखवतायत ना!’ त्यातून निघालेल्या अमली पदार्थांच्या प्रकरणात त्या मुलीला जवळपास महिनाभर भायखळ्याच्या तुरुंगात काढावा लागला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा माध्यम-खटल्यांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. मार्च 2025 मध्ये सीबीआयने मृत्यूचं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण ज्या भाषेने घडवली, त्या भाषेतही हे सगळं ओरडून सांगितलं गेलं.

पारिभाषिक शब्दांचे कोश जरूर करावेत, मी स्वतः ते रोज उघडते. पण ‘कथित आरोपीने कथितरित्या’ असलं काहीतरी छापून आपण सावध झालो असं मराठी बातमीदारांनी मानू नये, कारण ते कुणाच्या कानात शिरत नाही. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याने पैसे घेतले असावेत’ हे लिहायला कोश लागत नाही, आणि बार्शीतला कुणीही ते अचूक समजेल. पाचवी-सहावीच्या व्याकरणात ‘असेल’, ‘असावा’ आणि ‘असणार’ शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारावं, यांतलं कुठलं म्हणायला तुझ्याकडे किती माहिती हवी? विज्ञान मराठीतून शिकवायची तयारी मला तरी तिथून सुरू करावीशी वाटते.

आता मी एक करते. भेट संपताना डॉक्टरांची परवानगी घेऊन नातेवाइकांना विचारते, ‘घरी फोनवर काय सांगाल, ते एकदा मला सांगता?’ बहुतेक जण ‘झालंय’ म्हणतात. मग मी डॉक्टरांचं वाक्य पुन्हा सांगते, ‘असावं’वर जोर देऊन, आणि ते फोन लावेपर्यंत दारातच थांबते.