बायोप्सी नको म्हणणारा तो नॅनो कणांचा मेसेज धडधडीत खोटा आहे

मावशीच्या छातीत गाठ आहे, डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, सांगितली आणि ती चक्क नाही म्हणतेय, कारण फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड. "सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो, जपानने चमकणारे नॅनो कण काढलेत, एका इंजेक्शनमध्ये कॅन्सर उजळून दिसतो, नोबेलसुद्धा मिळालंय, डॉक्टर लपवतात."

अहो, जपानचे ते कण पेशंटला टोचतच नाहीत! ते लावतात बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणाचा ब्लॉक करतात, त्याचे चारेक मायक्रॉनचे काप स्लाइडवर घेतात, मग हर-टू (काही ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणारं प्रोटीन) सारख्या प्रोटीनलाच चिकटणारी अँटिबॉडी सोडतात आणि तिच्यामार्फत चमकणारे कण तिथे जाऊन बसतात, मायक्रोस्कोपखाली ठिपके दिसतात, ते मोजायचे. तुकडाच नसेल तर कण लावणार कशाला? नेहमीच्या आयएचसी टेस्टमध्ये (तिथेही अँटिबॉडीच, पण कणांऐवजी रंग) तपकिरी रंग किती गडद चढला ते बघून पॅथॉलॉजिस्ट ०, १+, २+, ३+ असा स्कोअर देतात आणि २+ आला की पुढे हर-टूच्या जीनच्या प्रती मोजणारी फिश टेस्ट. ठिपके मोजता आले तर हर-टू वरचं औषध कुणाला द्यायचं ते जास्त नेमकं कळावं, यासाठी हा खटाटोप आहे. अंगात सोडायच्या कणांवर वेगळं संशोधन चालू आहे, पण त्याने बायोप्सी काही सुटलेली नाही.

सुईने पसरतो यात थोडं तथ्य आहे, मान्य. सुईच्या वाटेत क्वचित पेशी सांडतात, आणि अंडकोषाच्या गाठीत तर डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. पण अंगभर पसरतो? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'गट' (Gut) या जर्नलमध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे २,००० हून जास्त ऑपरेशन झालेले पेशंट तपासले, त्यात आधी सुईने तपासणी झालेले पेशंट कमी जगले असं अजिबात दिसलं नाही, उलट त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो आकडा) २२ महिने आणि बाकीच्यांचं १५. हे सुईमुळे जास्त जगले असं मी म्हणत नाहीये, पण सुईने मारलं असतं तर आकडे उलटे आले असते ना.

नोबेल? २०२३ चं, केमिस्ट्रीचं, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना, क्वांटम डॉट्स नावाच्या चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांसाठी. कॅन्सर टेस्टसाठी नाही, आणि तिघांत जपानी कुणीच नाही.

आणि लपवतात म्हणे! क्वांटम डॉट्सने कॅन्सरच्या पेशींवरचं हर-टू चमकवल्याचा पेपर २००३ मध्येच 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त छापून आलाय, नेटवर शोधला की सापडतो.