एमसीबी ट्रिप झाला नाही म्हणजे सगळं ठीक आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरातल्या वायरिंगच्या धोक्याच्या खुणांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "उगाच घाबरवू नका. आमच्या गिझरचा प्लग कायमच गरम होतो. खरंच बिघाड असता तर एमसीबी ट्रिप झाला असता. तो कशासाठी बसवलाय?"

प्रश्न रास्त आहे, आणि असं समजणारे पुष्कळ जण आहेत. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

एमसीबी, म्हणजे मेन बोर्डमधला आपोआप पडणारा स्विच, करंट पाहतो. ओव्हरलोड झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर तो वीज तोडतो. सैल जोडणी मात्र त्याला दिसतच नाही. तुमचा गिझर 2000 वॅटचा धरू. 230 व्होल्टवर तो साधारण 8.7 अँपिअर घेतो. आता सॉकेटमधली पकड ढिली होऊन तिथे फक्त अर्धा ओहम रोध (करंटला अडथळा) तयार झाला असं समजा. करंट वाढत नाही, उलट थोडा कमी होऊन 8.5 वर येतो. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं उत्तम चाललंय. पण त्या एका ठिपक्याएवढ्या जागेत सुमारे 36 वॅट उष्णता तयार होत असते. म्हणजे सॉकेटच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच आहे.

आरसीसीबी असला तरी इथे उपयोग नाही. तो करंटची जमिनीकडे होणारी गळती शोधतो आणि इथे गळती नाहीच. सैल जोडणीतली ठिणगी ओळखायला एएफडीडी नावाचं वेगळं उपकरण काढावं लागलं. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी 62606, 2013 साली आलं. बहुतेक घरांत ते नसतं. तिथे आपलं नाक, कान आणि हातच कामाला येतात.

आणि हे दुखणं आहे तिथे थांबत नाही. तापल्यामुळे सॉकेटमधल्या पितळी पट्टीचा ताण जातो, पकड आणखी ढिली होते, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. प्लग काढून नीट बघा. एकाच पिनेवर काळपट निळी झाक दिसेल, त्याच बाजूच्या छिद्राची कड पिवळी किंवा तपकिरी पडलेली असेल. आतल्या वायरचं आवरण कडक होऊन नखानेही तुटतं, कारण साधं पीव्हीसी 70 अंश सेल्सिअसपर्यंतच कायम टिकेल असं बनवलेलं असतं. जळक्या किंवा मासळीसारख्या वासाचा उगम सापडत नसेल तर आधी स्विचबोर्डजवळ जाऊन हुंगा. तापलेल्या प्लास्टिकला असा वास येतो.

तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे : प्रत्येक खूण धोक्याची नसते. फ्रिजची मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मंद होणं, चार्जर कोमट लागणं, बटण बंद करताना बारीकशी ठिणगी दिसणं, याने घाबरू नये. पण एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले एकदम प्रखर होत असतील, तर न्यूट्रल, म्हणजे करंटच्या परतीची वायर, सुटत असल्याची शक्यता मोठी. मेन बंद करा, लगेच माणूस बोलवा. वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तरी तेच.

एक कळकळीची विनंती. एमसीबी सारखा ट्रिप होतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवू नका. वायर तीच राहते. फक्त तिला वाचवणारा उशिरा जागा होतो.

तुमच्या गिझरचं म्हणाल तर आजपासून तो वापरू नका. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट आणि प्लगटॉप (गिझरच्या वायरचा प्लग) दोन्ही बदलून घ्या. नुसतं सॉकेट बदललं तर जुनी भाजलेली पिन नव्या पट्टीचीही तीच गत करते. वायरचं कडक झालेलं टोक कापून ताज्या तांब्यावर जोडणी करायला सांगा. मग अर्धा तास गिझर चालवून बंद करा आणि प्लगला हात लावून बघा. तेव्हाही चटका बसला तर बिघाड मागच्या जोडणीत आहे, बोर्ड उघडायला लावा.