खुलासा : बाटलीतला फेस धुऊन काढू नका

अमेरिकेत घरी बीअर करणाऱ्या आपल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय : ‘स्टार सॅनचा फेस बाटलीत राहिला तर बीअर विषारी होते, बाटली नळाखाली चांगली विसळून घ्या.’ हे चूक आहे. स्टार सॅन म्हणजे बाटल्या जंतुमुक्त करायचं आम्लाचं द्रावण (सॅनिटायझर), आणि ते मुळात न धुता वापरण्यासाठीच बनवलंय. प्रमाण मात्र पाळायचं : १९ लिटर पाण्याला ३० मिली. बाटली आतून मिनिट-दोन मिनिटं ओली राहू द्या, उपडी करून निथळवा आणि फेसासकट बीअर भरा. नळाचं पाणी निर्जंतुक नसतं. त्यानं विसळलं की केलेली मेहनत पाण्यात!

गैरसमज बहुधा ब्लीचवरून आला असावा. ते वापरलं तर धुवावंच लागतं. त्यात व्हिनेगर ओतायचा उपद्व्याप मात्र नको, क्लोरीन वायू सुटतो.

खरा घोळ वेगळाच असतो. जुन्या बाटलीच्या तळाशी यीस्टचं वाळलेलं कडं असेल, तर सॅनिटायझर त्याच्याखाली पोचतच नाही. आधी ब्रश. मग बाटली उजेडाकडे धरून तोंडातून आत डोकावा. कडं दिसलं तर परत घासा. बीअर ग्लासात ओतल्या ओतल्या बाटली विसळून ठेवली, तर ते धरतच नाही.