नाव झाकून तपासा

बावीस वर्षं बारावीच्या केमिस्ट्रीचे पेपर तपासतेय. त्यामुळे वाइनच्या जाहिरातीत '91 गुण' असं दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, 9 कुठे कापले? मॉडरेटरने मला हे विचारलं असतं आणि मी 'एकूण छाप जरा कमी पडली' म्हटलं असतं, तर अख्खा गठ्ठा परत माझ्या टेबलावर आला असता. त्यात ही 100 गुणांची पद्धत ज्यांच्यामुळे जगभर पसरली त्या अमेरिकी वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांची मोजपट्टी 50 पासून सुरू होते. म्हणजे कोऱ्या उत्तरपत्रिकेलाही 50! हे आमच्या मागच्या बाकांवर कळायला नको.

आधीच सांगून टाकते, मी यातली तज्ज्ञ वगैरे नाही. 2000 साली आमच्या नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली तेव्हा मी बी.एस्सी.ला होते आणि घरात 'वाइन' हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारला जायचा. आज गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांग असते. ज्या जिल्ह्याला आपण द्राक्षपंढरी म्हणतो, तिथल्या माणसाने ग्लास हातात घेऊन 'छान आहे' यापलीकडे काही बोलू नये, हे मला पटेना. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणांनी घरातच तपासणी सुरू केली. मी, नवरा, दिंडोरीचे धाकटे दीर, जाऊबाई आणि शेजारचे काका. महिन्यातून एकदा, पाच-सहा बाटल्या, प्रत्येकीतून दोन-दोन घोट, आणि थुंकायला स्टीलचं पातेलं. पातेल्यावरून पहिल्या महिन्यात खूप हसून झालं, आता कोणी हसत नाही. त्या दिवशी सकाळी मिसळ बंद. हा नियम पाळायला सगळ्यात जड जातो.

बाटल्यांवर मोजे चढवतो. (धुतलेले. जाऊबाईंनी दोनदा विचारून घेतलं.) बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर असतं, तेच काम इथे मोजे करतात. पोरगं कुणाचं आहे, कुठल्या कॉलेजचं आहे हे कळलं की पेन आपोआप सैल होतं किंवा घट्ट होतं, हे मी स्वतःच्या हातात पाहिलंय. वाइनमध्ये तर नुसता रंग पुरतो. 2001 साली बोर्दो विद्यापीठात फ्रेडरिक ब्रोशे यांनी 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग घालून पुन्हा दिली. हे वाइनचंच शिक्षण घेणारे विद्यार्थी, तरी लाल दिसणाऱ्या ग्लासचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. नाक डोळ्यांचं ऐकतं. मोज्यांनी रंग लपत नाही, पण किंमत तरी लपते, आणि आमच्या टेबलावर किंमतच जास्त बोलते.

कागद आम्ही बिअरच्या परीक्षकांचा उचलला. अमेरिकेत 1985 पासून बीजेसीपी नावाची संस्था बिअरचे परीक्षक तयार करते. त्यांच्या कागदावर एकूण 50 गुण: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकूण परिणामाला 10. दिसण्याला फक्त 3! आपण फेस आणि रंगाचे फोटो टाकतो त्याची लायकी 50 पैकी 3. मीडसाठी, म्हणजे मध आंबवून केलेल्या दारूसाठी, त्यांचा कागद वेगळा आहे, तिथे दिसण्याला 6 आणि चवीला 24. आम्ही आळशी, सगळ्यालाच बिअरचा कागद लावतो.

पण गुण देण्याआधी चूक ओळखता आली पाहिजे, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे. आपल्याकडे टेस्टिंग म्हणजे ग्लास गोल फिरवायचा आणि त्यात कुठकुठली फळं सापडतात ते सांगायचं, असं शिकवतात. फळं नंतर. आधी माल खराब आहे का ते सांगा. चव आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं, पण दोष हा दोष असतो. त्याला बहुतेक वेळा रासायनिक नाव असतं आणि तो शिकता येतो.

गेल्या वर्षी जिल्ह्यातल्याच एका टेस्टिंग रूममध्ये पैसे भरून पाच वाइन चाखल्या. चौथी रेड. ग्लास नाकाजवळ नेला आणि मला थेट प्रॅक्टिकलची बॅच आठवली. मी म्हटलं, बाटली कधी उघडली आहे? ओतणारा मुलगा गोड हसून म्हणाला, "मॅडम, ही चव ॲक्वायर करावी लागते." नवऱ्यानेही माझ्याकडे 'कशाला' अशा नजरेने पाहिलं. मी गप्प बसले, आणि त्याचा राग अजून आहे. विकत मिळत होती म्हणून तीच बाटली घेऊन आले, घरी उघडली, तर ती स्वच्छ. म्हणजे वाइनचा दोष नव्हता, तिथल्या काउंटरवर अर्धी बाटली कितीतरी दिवस पडून होती.

घरची ती बाटली मी मुद्दाम अर्धी ठेवली, सैल बूच लावून, ओट्यावर, एप्रिलच्या उकाड्यात. दहा-बारा दिवसांनी आमच्या लॅबचे मामा जर्नल्सचा गठ्ठा द्यायला घरी आले. तीस वर्षं लॅब अटेंडंट म्हणून नोकरी, गळ्यात तुळशीची माळ. मी विचारलं, "मामा, नुसता वास घ्याल का? प्यायचं नाही." म्हणाले, "वासाला कसला विटाळ, मॅडम?" ग्लास हातभर लांब धरला, दुसऱ्या हाताने हवा नाकाकडे ओढली, आपण मुलांना शिकवतो तशी, आणि म्हणाले, "हे तर इथाइल ॲसिटेट. खाली ॲसिटिक ॲसिड पण आहे थोडं." संपलं. सोमेलिएच्या, म्हणजे वाइनच्या जाणकाराच्या, कोर्सला लोक लाखभर रुपये भरतात. हवा लागली की ॲसिटिक जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात आणि बरोबर नेलपॉलिश रिमूव्हरचा तो वास येतो. ही कसली ॲक्वायर करायची चव? ती फेकायची चव.

मामांना विचारून विचारून मी आमची यादी वाढवली. सडक्या अंड्याचा वास आला तर हायड्रोजन सल्फाइड, लॅबमध्ये हा वायू तयार करायचं किपचं उपकरण ज्याने वापरलंय त्याला सांगायला नको; बऱ्याचदा ग्लास फिरवून दहा मिनिटं ठेवला की निघून जातो, त्यामुळे घाईने गुण कापू नयेत. चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. ओल्या गोणपाटाचा, बुरशी आलेल्या पुठ्ठ्याचा वास बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाचा, आणि तो लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा नाकाला कळतो. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना स्क्रू कॅप असते म्हणून हा कमी भेटतो. स्क्रू कॅप म्हणजे हलका माल असं समजणाऱ्या काकांना मी हे तीनदा सांगितलंय.

बिअरमध्ये मात्र भांडण झालं. लागर प्रकारच्या एका बिअरला लोण्याचा वास होता. मी 12 पैकी 4 दिले, जाऊबाईंनी 10. "लोण्याचा वास वाईट कसा?" हा त्यांचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त आहे. तो डायअसिटिल. आंबताना यीस्ट ते तयार करतं आणि वेळ दिला तर परत शोषूनही घेतं. लागरमध्ये ते उरलं म्हणजे बहुधा घाई झाली. पण तेच डायअसिटिल शार्डोने या पांढऱ्या वाइनमध्ये असलं तर लोक कौतुकाने 'बटरी' म्हणतात. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळ्याचा वास हवाच, तो आयसोअमाइल ॲसिटेट, आम्ही लॅबमध्ये करतो ते एस्टर. पिल्सनर बिअरमध्ये तोच आला तर गुण कापा. म्हणजे प्रश्न कुठला होता ते न वाचता उत्तर तपासता येत नाही. 2009 मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाल्यापासून क्राफ्ट बिअरचं वेड वाढलं ते चांगलंच झालं, पण नळाशेजारच्या फळीवर शैली लिहिलेली असते ती वाचायची सवय अजून लागायची आहे.

आता शब्दांविषयी. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या बाटलीमागे 'गूजबेरी' लिहितात. आपण शाळेत त्याचा अर्थ आवळा शिकलो, मग बिचारे लोक ग्लासात आवळा शोधत बसतात. ते फळ निराळं, आपण ते कधी खाल्लेलं नाही. मला तिथे पेरू लागतो, हिरवट, अजून दगडी असलेला. ब्लॅककरंट म्हणजे आपल्यासाठी आइस्क्रीमचा जांभळा रंग! जांभूळ म्हणा, करवंद म्हणा. आणि 'तुरट' हा शब्द तर आपल्या सहा रसांतला हक्काचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंड कोरडं पडतं, हे समजवायला इंग्रजी पुस्तकं पानभर लिहितात. आपण कच्चा चिकू खाल्लेला असतो. आमच्या कागदावर तुरटाच्या पायऱ्या आहेत: जांभूळ, सुपारी, कच्चा चिकू. चिकूच्या पुढे कोणी गेलं तर वाइन दोन वर्षं ठेवायची किंवा मटणाबरोबर काढायची.

दिरांचं नाक तर शेतावरचं. एका कॅबर्ने रेड वाइनला ते म्हणाले, "वहिनी, ढोबळी मिरची येतीय. माल कच्चा तोडलाय, शुगर आली नव्हती." पिकायच्या आत द्राक्ष तोडलं की त्यात पायराझिन नावाचं संयुग जास्त राहतं आणि त्याचाच तो वास असतो. त्यांनी ते कुठे वाचलेलं नाही. ते बी चावून बघतात, बी तपकिरी नसेल तर घड पिकला नाही.

मीडवर मात्र आम्ही अजून चाचपडतोय. मध, पाणी आणि यीस्ट, एवढंच. आपल्या नाशकातच सेराना नावाची मीडरी दोन महिलांनी सुरू केली आहे. सातेरी मधमाशीच्या एपिस सेराना या शास्त्रीय नावावरून ते नाव. पहिल्यांदा मीड घेतली तेव्हा सगळ्यांनी गुण कापले, कारण नाकाला मध आणि जिभेला गोड नाही. साखर यीस्टने खाल्ली, वास ठेवला, यात मीडची काय चूक? आम्हीच अभ्यासक्रमाबाहेरचं उत्तर अपेक्षिलं होतं. आता मी आधी मधाचा थेंब चाखवते आणि मग मीड. फरक पडतो.

एक गोष्ट फार बोलली जात नाही म्हणून सांगते. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला' यातली रूम युरोपातली आहे, 16 ते 18 अंशांची. नाशिकच्या मे महिन्यात ती खोली 35 अंशांवर असते आणि ग्लासातून नुसतं अल्कोहोल वर येतं. अर्धा तास फ्रिज. उलट पांढरी वाइन फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नका, वासाचे रेणू गारठून बसलेले असतात.

आता माझी फजिती. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाच्या, स्वतःची वायनरी असलेल्या निवृत्त प्राध्यापकांनी तिथल्या सरकारी जत्रेतल्या स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. 2008 मध्ये निष्कर्ष छापले. साधारण परीक्षकाचे गुण त्याच वाइनला वर-खाली 4 ने हलत होते, आणि सातत्याने एकाच पदकाच्या पातळीत गुण देणारे जेमतेम दहातले एक. मी हे वाचून टेबलावर मोठ्याने म्हटलं की यांना बोर्डाच्या तपासणीला बसवायला हवं.

नवऱ्याने ते मनात ठेवलं. गेल्या शनिवारी सहा ग्लास आले, मोजे घातलेल्या सहा बाटल्यांतून. मी नेहमीप्रमाणे लाल पेन घेऊन बसले. मोजे काढल्यावर कळलं की 2 आणि 5 एकच शिराझ रेड वाइन होती, दोन बाटल्यांत वाटून ओतलेली. जाऊबाईंनी दोन्हींना 33 दिले होते. मी 2 ला 37 आणि 5 ला 29. पाचव्याच्या पुढे माझ्याच अक्षरात शेरा होता: 'क्र. 2 च्या जवळपासही नाही.'

कागद नवऱ्याने फ्रिजवर चिकटवलाय. मामांना अजून सांगितलेलं नाही.