वाहतं काँक्रीट आणि राखेची ‘भेसळ’

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट (व्हायब्रेटरने न ठोकता स्वतः वाहून साच्यात भरणारं काँक्रीट) म्हणजे सिमेंट मारून राख घातलेला पातळ माल. राखेमुळे तो पाण्यासारखा पळतो, सात दिवसांचा क्यूब (ताकद तपासायला ओतलेला ठोकळा) कमी भरतो आणि व्हायब्रेटरची मजुरी बिल्डरच्या खिशात जाते.

‘राख म्हणजे भेसळ.’ भेसळ लपवून करतात. इथे काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६:२००० मध्येच, फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) आणि सिलिका फ्यूम (अतिबारीक सिलिका, म्हणजेच मायक्रोसिलिका) नावानिशी आहेत. व्हायब्रेटरशिवाय माल सळयांच्या दाट जाळीतून स्वतःच्या वजनाने जायचा, तर खडी कमी आणि पावडर जास्त लागते: घनमीटरला साधारण ४०० ते ६०० किलो, ०.१२५ मिमीपेक्षा बारीक. ही सगळी पावडर सिमेंटचीच भरली तर माल तापतो, आकसतो आणि तडकतो. म्हणून तर राख-स्लॅग वगळून सिमेंट ४५० किलोच्या वर, खास विचार केल्याशिवाय, नेऊ नका असं तेच मानक सांगतं. सिमेंटचं विशिष्ट गुरुत्व ३.१५, राखेचं सुमारे २.२. म्हणजे १०० किलो सिमेंट ३२ लिटर जागा घेतं, तेवढीच राख ४५ लिटर. खडीला अंगावर घेऊन जाणारा लगदा त्यामुळे वाढतो.

उदाहरणादाखल एक मिश्रण: सिमेंट ३५० किलो, फ्लाय ॲश १७०, पाणी १८०, वाळू ९००, बारीक खडी ७६०. केमिकलचा डोस आणि प्रमाण प्रत्येक मालावर चाचणी घेऊनच ठरवायचं, हे कॉपी करायचं नाही.

‘राखेमुळे पळतो.’ पळवतं ते पीसीई, म्हणजे पाणी न वाढवता माल वाहता करणारं केमिकल. पावडर त्याला चिकटपणा देते, म्हणजे खडी खाली बसत नाही. राखेचे कण गोल असल्याने वाहणं थोडं सोपं होतं, हे खरं. पण मायक्रोसिलिका किंवा मेटाकाओलिन (भाजलेल्या चिनी मातीची पूड) घातलं की उलट पाण्याची भूक वाढते. माल पाण्याने पातळ केलाय की केमिकलने, हे स्लंप फ्लोच्या प्लेटवर (कोनातला माल सोडून तो किती पसरतो ते बघायची चाचणी) दिसतं. पसरलेला गोल ६६० ते ७५० मिमी भरला तरी मधे खडीचा ढीग आणि कडेला पाणचट झालर असेल, तर माल नापास. बहुतेक वेळा कारण वाळूतलं पाणी. ९०० किलो वाळूत ओलावा २ टक्के जास्त निघाला आणि कोणी वजा केला नाही, तर १८ लिटर पाणी फुकटात आत. वरच्या मिश्रणात पाणी-पावडर गुणोत्तर ०.३५ वरून ०.३८ होतं. दोष राखेला मिळतो.

‘सात दिवसांचा क्यूब कमी.’ हे अर्धं खरं आहे. सिमेंट पाण्याशी रिॲक्ट झाल्यावर चुना सुटतो. राखेतली सिलिका त्या चुन्याशी संथपणे जुळून नवा जेल बनवते. त्यामुळे सुरुवात मंद आणि २८ ते ५६ दिवसांत भरपाई. याचा हिशेब साइटवर ठेवावा लागतो: सपोर्ट दिवस मोजून नाही, क्यूब बघून काढायचे. पाणी मारणं राखेसारखं खनिज पूरक असताना किमान १० दिवस, शिफारस १४ दिवसांची. सातव्या दिवशी पाणी बंद केलं तर राखेचं काम वरच्या थरात अर्धवट राहतं आणि नेमकं सळईवरचं कव्हर कमकुवत होतं.

‘व्हायब्रेटरचे पैसे वाचतात.’ वाचतात, आणि पीसीई व शटरिंगमध्ये जातात. वाहता माल पूर्ण द्रवासारखा दाब देतो: ३ मीटर उंच कॉलम झटपट भरला तर तळाशी सुमारे ७२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. नेहमीच्या बांधणीचं शटरिंग इथे फुगतं.

मेसेजने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच: कोणती राख? कोराडी, चंद्रपूर किंवा एकलहऱ्याच्या केंद्रात धुरातून ईएसपीने (विजेच्या भाराने धूळ ओढणारं यंत्र) पकडलेली कोरडी, बारीक राख एक; भट्टीच्या तळाची किंवा तलावातून उपसलेली दुसरी. राखेच्या मानकानुसार, म्हणजे आयएस ३८१२ भाग १ नुसार, ४५ मायक्रॉन चाळणीवर ३४ टक्क्यांहून जास्त उरायला नको, जळून होणारी घट ५ टक्क्यांच्या आत हवी. न जळलेला कोळसा जास्त असला की तो केमिकल पिऊन टाकतो. प्लांटवर छान वाहणारा माल साइटवर पोचेपर्यंत घट्ट होतो, आणि मग ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडतो.

दुसरी चूक पीपीसीची, म्हणजे कारखान्यातच राख मिसळलेल्या सिमेंटची. त्यात १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. ३० टक्के राखेच्या पीपीसीत पावडरच्या ३० टक्के राख पुन्हा घातली, तर एकूण राख ५१ टक्के होते. वेगळी राख घालायची तर ओपीसी, म्हणजे राख नसलेलं साधं सिमेंट घ्या.

राख बदलली की आधी मॉर्टरवर (खडीशिवायचा माल) बघा: ६० मिमी उंचीचा मिनी कोन, पसारा २४० ते २६० मिमी, मिनी व्ही-फनेल (व्ही आकाराच्या छोट्या नरसाळ्यातून माल रिकामा व्हायला लागणारा वेळ) ७ ते ११ सेकंद. त्यात बसलं तरच खडी घालून ट्रायल. आणि आरएमसी (प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट) घेणाऱ्यांनी प्रत्येक गाडीची बॅच स्लिप मागावी, ज्यात सिमेंटचा प्रकार, राख, पाणी आणि वाळूचा ओलावा वेगवेगळ्या रकान्यांत असतो.