‘तेवढ्या वेळात तीन वार बसतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा मथितार्थ देतो. एल्डन रिंगसारख्या व्हिडिओ गेममधल्या बॉसना, म्हणजे मोठ्या, अवघड शत्रूंना, जड शस्त्रांनी कसं भिडायचं यावर मी लेख लिहिला होता. तुमच्या मते तो लेख म्हणजे ‘भावनिक बाता’ आहेत, मी तो ‘चार व्हिडिओ बघून’ लिहिला आहे, आणि ‘तुमचा एक वार होईपर्यंत माझ्या कटानाचे (चपळ जपानी तलवारीचे) तीन वार बसतात, साधं गणित आहे, करून बघा.’ शिवाय ब्लीड (वारागणिक साचत जाऊन एकदम मोठं नुकसान करणारा रक्तस्राव), पॅच (गेममध्ये नंतर केलेले बदल) आणि पीव्हीपी (खेळाडूविरुद्ध खेळाडू) यांबद्दल दोन-दोन ओळी.

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘करून बघा’ हे ज्या सुरात लिहिलंय तो सूर मला खटकला. समोरच्याने कधी कंट्रोलर हातात घेतलाच नसेल असं धरून चालायचं आणि मग शिकवायला बसायचं, ही कुठली पद्धत? एल्डन रिंगच्याच कंपनीचा आधीचा गेम डार्क सोल्स 2012 मध्ये पीसीवर आला तेव्हापासून मी हे गेम खेळतो आहे. फ्रेमरेट 30 वर अडकवलेला असायचा आणि कीबोर्ड-माउसवर तर खेळवत नसे, त्या दिवसांपासून. त्यातल्या फायरलिंक या ठिकाणाशेजारच्या स्मशानात सांगाडे मागे लागलेले असताना झ्वाइहँडर ही अवजड तलवार उचलून पळालेला माणूस आहे मी. दोन्ही हातांत धरून त्या तलवारीचा जड वार पहिल्यांदा मारला आणि समोरचा सैनिक जमिनीवर सपाट झाला, तेव्हापासून दुसऱ्या शस्त्रात मन रमलं नाही. याला भावना म्हणायचं असेल तर म्हणा. व्हिडिओ बघून ही येत नाही.

आता तुमचं गणित. तीन वार बसतात हे तुम्ही कशावर मोजलंत? उभ्या पुतळ्यावर मोजलं असेल तर बरोबर आहे. बॉस पुतळा नसतो. तो स्वतः वार करत असतो आणि तुम्हाला मोकळीक मिळते ती त्याच्या वारांच्या मधल्या फटीत. त्या फटीत तुमचे तीन वार खरोखर बसतात का? बहुतेक वेळा दोन बसतात, तिसऱ्याच्या मोहात पडलात की तुम्हीच मार खाता. हे हलकं शस्त्र घेऊन खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, तुम्हालाही असणार.

जड शस्त्राची सगळी कला एका गोष्टीत आहे आणि मूळ लेखात मी तीच सांगत होतो: वार फटीत सुरू करायचा नसतो, फटीत बसवायचा असतो. म्हणजे बॉसचा शेवटचा वार अजून संपायचा असतानाच तुमचं शस्त्र वर गेलेलं हवं. एल्डन रिंगमधल्या मार्गिट या बॉसचंच उदाहरण घ्या. तो काठी डोक्यावर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. नवखा खेळाडू काठी वर गेली की रोल करतो (लोळण घेऊन वार चुकवायला बघतो), रोल संपतो तोवर काठी नेमकी त्याच्या पाठीत बसते. काठी वर असताना काहीही दाबायचं नाही. ती खाली यायला लागली की रोल, तोही मागे नाही, त्याच्या अंगाकडे. रोलमधून उठता उठता उडी आणि उडीतच जड हल्ल्याचं बटण. त्याची काठी जमिनीवरून उचलली जायच्या आत तुमची तलवार त्याच्या खांद्यावर असते. इथे शस्त्र मंद आहे की चपळ याने फरक पडत नाही, कारण मंदपणाचा सगळा वेळ तुम्ही त्याच्या वाराच्या वेळातून उसना घेतलेला असतो. तुमच्या गणितात हा वेळ कुठेच धरलेला नाही.

दुसरं, एल्डन रिंगमध्ये शत्रूचा बचाव प्रत्येक वाराला वेगळा लागतो. तीन छोटे वार मारलेत तर तो बचाव तीनदा तुमच्या नुकसानातून आपला वाटा काढतो. एकाच मोठ्या वाराला तो एकदाच लागतो, आणि वार बचावापेक्षा जितका मोठा तितका त्याचा वाटा कमी पडतो. शस्त्राच्या पानावरचा आकडा तीनने गुणून जे उत्तर येतं ते पडद्यावर दिसत नाही ते यामुळे.

तिसरं म्हणजे तोल. हेल्थ बार दिसतो म्हणून सगळे त्याच्याकडे बघतात. पण बॉसचा तोलही प्रत्येक फटक्यागणिक ढळत असतो, आणि काही सेकंद त्याला हात लागला नाही की सावरू लागतो. कलोसल, म्हणजे सगळ्यात अवजड वर्गातल्या, शस्त्राचा पूर्ण चार्ज केलेला (बटण धरून जोर साठवलेला) वार किंवा उडीतला वार हा तोल इतका ढळवतो की अशा थोड्याच वारांत बॉस गुडघ्यावर येतो आणि क्रिटिकल (तोल गेलेल्या शत्रूवरचा खास, जबर वार) मिळतो. क्रिटिकल मारायलाच हवा असंही नाही. तो खाली आहे तोवर आणखी एक पूर्ण चार्ज बसवता येतो. मालेनिया या बॉसचा प्रत्येक वार तुम्हाला लागला की तिची हेल्थ भरते, ढालीवर घेतला तरी. तिच्यासमोर जड शस्त्र घेऊन उभं राहणं वेडेपणा आहे असं बरेच जण म्हणतात. पण तिच्या बऱ्याच हालचाली अशा आहेत की मोठा फटका बसला की ती मधेच अडखळते. ते अडखळणं तुम्हाला श्वास घ्यायला जागा देतं. कटानाने ती तितक्या सहज अडखळत नाही.

अजूनही तीन वारांचंच खरं मानायचं असेल तर मॉन्स्टर हंटर वर्ल्ड हा राक्षसांच्या शिकारीचा गेम बघा. तिथे झोपलेल्या राक्षसाला बसणाऱ्या पहिल्या वाराचं नुकसान दुप्पट होतं, फक्त पहिल्या. आता सांगा, तो पहिला वार तुमच्या तिनांपैकी एक असलेला बरा की ग्रेटसोर्ड या प्रचंड तलवारीचा पूर्ण चार्ज केलेला? म्हणूनच चौघांच्या शिकारीत राक्षस झोपला की बाकीचे बाजूला होतात आणि ग्रेटसोर्डवाल्याला पुढे करतात. तिथेही चार्ज नुसता धरून ठेवून भागत नाही. तिसऱ्या टप्प्याची चमक दिसली की सोडायचा, जास्त धरलात तर जोर उतरतो. आणि चार्ज चालू असताना राक्षस अंगावर आला तर खांद्याने टॅकल द्यायचा, म्हणजे मार थोडा लागतो पण तुम्ही उडून पडत नाही आणि पुढच्या मोठ्या चार्जकडे लवकर पोचता. असा बारकावा व्हिडिओ बघून लिहिता येतो असं तुम्हाला वाटत असेल तर तो व्हिडिओ मला जरूर पाठवा.

एक मुद्दा तुमचा मान्य. कुत्र्यांच्या किंवा उंदरांच्या झुंडीसमोर जड शस्त्राने जीव मेटाकुटीला येतो. तिथे चपळ शस्त्रच सोयीचं, आणि मीही अशा ठिकाणी बगलेत एक छोटी तलवार ठेवतो. लेख बॉसबद्दल होता म्हणून त्यात ते आलं नाही.

‘मार खात खात मारणं म्हणजे कौशल्य नव्हे’ असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. एल्डन रिंगमधलं हायपर आर्मर (जड वार चालू असताना फटका बसला तरी वार न तुटणं) तुम्ही नीट वापरून पाहिलेलं दिसत नाही, नाहीतर असं लिहिलं नसतं. वार सुरू झाल्या क्षणी ते लागत नाही, शस्त्र फिरायला लागल्यावर थोड्या वेळाने लागतं. त्याआधी फटका बसला की वार तुटतो. म्हणजे कुठला फटका अंगावर घ्यायचा, कुठला नाही, आणि बटण किती आधी दाबायचं, याचा अंदाज लागतोच. त्यासाठी चिलखताचं पॉइज (फटका बसूनही न ढळण्याची क्षमता) लागतं, आणि जड चिलखत चढवूनही एकूण वजन 70 टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, नाहीतर रोल जड होतो आणि सगळंच ओम्फस होतं. जायंट क्रशर या कलोसल शस्त्राचंच वजन 26.5 आहे. त्याला स्ट्रेंग्थ (तुमच्या पात्राच्या ताकदीचा आकडा) 60 लागते, पण दोन्ही हातांत धरलं की तुमची स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, म्हणून 40 वर काम भागतं. वाचलेले पॉइंट एंड्युरन्समध्ये, म्हणजे वजन पेलण्याच्या क्षमतेत, टाकायचे. हा हिशेब ज्याने बसवलाय तो ‘मार खात खात’ खेळत नसतो.

ब्लीडचं म्हणाल तर ते लवकर भरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. गार्गॉइल आणि एल्डन बीस्ट या शत्रूंवर ते चालत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक असावं. पॅचबद्दल तुमची तक्रार अशी की एप्रिल 2022 च्या 1.04 ने कलोसल शस्त्रांचा वेग वाढवला म्हणूनच ती आता चालतात. मी ती त्याआधीही वापरत होतो. त्या पॅचने सोपं झालं, शक्य झालं नाही.

पीव्हीपीबद्दल मूळ लेखात एक ओळही नव्हती, त्यामुळे त्याचा जाब मला विचारू नका. ज्यांना कलोसल शस्त्र हाताला बसत नाहीये त्यांच्यासाठी पुढच्या लेखात फक्त उडीतल्या वाराच्या टायमिंगवर लिहिणार आहे. तुम्हालाही वाचायचा असेल तर वाचा, पण यावेळी प्रतिक्रिया देण्याआधी शेवटपर्यंत वाचा.