व्हीआर महोत्सवांचा इतिहास जपायचा असेल तर

व्हेनिसच्या लिडो बेटालगत लाझारेत्तो वेक्यो नावाचे एक लहानसे बेट आहे. पंधराव्या शतकात प्लेगच्या रुग्णांना शहरापासून वेगळे ठेवण्यासाठी तेथे रुग्णालय उभारले गेले आणि त्याच बेटावर २०१७ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवाने व्हीआर म्हणजे आभासी वास्तवातील, डोळ्यांवर हेडसेट चढवून चहूबाजूंनी पाहायच्या कथाकृतींची स्वतंत्र स्पर्धा भरवली. २०२० मध्ये करोनामुळे हा विभाग ऑनलाइन गेला आणि २०२२ मध्ये ‘व्हेनिस इमर्सिव्ह’ या नावाने बेटावर परतला. कान महोत्सवाने अशी स्पर्धा सुरू केली ती २०२४ मध्ये.

या इतिहासाचे मूळ मात्र मला अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवाच्या २०१२ मधील ‘न्यू फ्रंटियर’ या नव्या माध्यमांच्या विभागात दिसते. पत्रकार नॉनी दे ला पेन्या यांनी तेथे ‘हंगर इन लॉस एंजेलिस’ ही कृती दाखवली. मोफत धान्यासाठी लागलेल्या रांगेत मधुमेहाने आजारी असलेला एक माणूस कोसळतो, एवढाच तो प्रसंग होता. आवाज प्रत्यक्ष घटनास्थळी ध्वनिमुद्रित केलेले होते, माणसे मात्र संगणकावर घडवलेली आणि बरीचशी ओबडधोबड होती. तरीही प्रेक्षक त्या पडलेल्या माणसाशेजारी गुडघे टेकून बसत होते. तेव्हा दुकानात विकत मिळेल असा हेडसेट नव्हता. ज्या पामर लकी या तरुणाने त्या प्रयोगासाठी हेडसेट जुळवून दिला, त्यानेच त्या वर्षी ऑक्युलस या आपल्या हेडसेट कंपनीसाठी लोकांकडून निधी उभारला आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे बाजार येण्याआधी महोत्सव होता आणि यंत्र परिपूर्ण होण्याआधी गोष्ट होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे बाजार आला आणि त्याच्या कलाने कृतीही येऊ-जाऊ लागल्या. ऑक्युलसचा कथाविभाग २०१७ मध्ये बंद झाला, गूगलचा ‘स्पॉटलाइट स्टोरीज’ विभाग २०१९ मध्ये बंद झाला आणि गूगलने फोन बसवून व्हीआर पाहण्याच्या पुठ्ठ्याच्या ‘कार्डबोर्ड’ चष्म्याची विक्री २०२१ मध्ये थांबवली. चित्रपटाचे रीळ सापडले तर ते पन्नास वर्षांनीही प्रोजेक्टरवर चढवता येते; व्हीआर कृती मात्र विशिष्ट हेडसेट, विशिष्ट संगणक आणि विशिष्ट सॉफ्टवेअर यांना इतकी बांधलेली असते की त्यांतील एक दुवा निखळला तरी फाइल हाती असूनही कृती दिसत नाही. महोत्सवांच्या याद्यांत पारितोषिकांची नोंद राहते, पण ज्या कृतीला पारितोषिक मिळाले ती पुन्हा पाहण्याची सोय राहीलच असे नाही.

मी गिरगावात राहतो, म्हणून ही गोष्ट मला परकी वाटत नाही. याच गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट प्रदर्शित झाला आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात चित्रपटांच्या प्रती जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे त्यानंतर तेहतीस वर्षांनी.

व्हीआरच्या बाबतीत तेवढा उशीर करण्याचे कारण नाही, कारण ही कृती करणारी माणसे आज आपल्यात आहेत. मुंबईतील मेमेसिस कल्चर लॅब या स्टुडिओने २०१६ मध्ये ‘एल्सव्हीआर’ हा व्हीआर माहितीपटांचा उपक्रम सुरू केला. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात प्रवेश मिळावा म्हणून निघालेल्या स्त्रियांवरचा खुशबू रांका यांचा ‘राइट टू प्रे’ हा माहितीपट त्यातलाच. त्या दिवसांत घेतलेला पुठ्ठ्याचा चष्मा माझ्या कपाटात अजून आहे, पण त्यात बसणारा फोन केव्हाच मोडीत गेला.

मे २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात झालेल्या ‘वेव्हज’ या दृक्श्राव्य व मनोरंजन क्षेत्राच्या परिषदेत व्हीआर आणि एआर (प्रत्यक्ष दृश्यावर आभासी चित्रे दाखवणारे तंत्र) करणाऱ्यांसाठी स्पर्धा होती, याचा मला आनंद आहे. माझी मागणी एवढीच आहे की अशा प्रत्येक स्पर्धेत निवडलेल्या कृतीची मूळ फाइल, ती चालवणारा हेडसेट आणि संगणक यांचा एक संच पेडर रोडवरील राष्ट्रीय चित्रपट वस्तुसंग्रहालयाकडे जमा व्हावा. त्यासोबत एका प्रेक्षकाचे संपूर्ण चित्रीकरणही असावे. तो कोठे वळला, कोठे थबकला आणि हेडसेट काढल्यावर पहिले वाक्य काय बोलला, हे त्यात यावे. सनडान्समध्ये माणसे गुडघ्यांवर बसली होती हे आज आपल्याला ठाऊक आहे, ते कोणीतरी त्या वेळी प्रेक्षकांकडेही पाहत होते म्हणूनच.